वखारीतल्या बाया

बेंबळीच्या सुमनबाईचा नवरा पान लागून, साप चावून गेला, तेव्हा तिच्या लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. सासरच्यांनी काही महिने ठेवून घेतलं आणि मग एका सकाळी गाठोड्यासकट भावाच्या दारात आणून सोडलं. भाऊ गोरोबा मनानं वाईट नव्हता. पण त्याच्याच घरात हातातोंडाची गाठ पडत नव्हती, आणि त्यात बहात्तरचा दुष्काळ आला. आदल्या साली पाऊस ओढ देऊन गेला होता, या साली तो आलाच नाही. विहिरींचे तळ दिसले, जनावरं मातीमोलानं गेली, आणि माणसं पोटामागं सडकेच्या कामावर निघाली. सुमनबाईही निघाली. येरमाळ्याच्या अलीकडं सडकेला खडी लागत होती, तिथंच पालं ठोकून आसपासच्या गावांतली माणसं राहिली होती.

त्या कामावर एक बाई फिरायची. लुगड्याच्या चिंध्या झालेल्या, केसांच्या जटा, पायात भेगा. ती कानडी बोलायची. उमरग्याकडच्या मजूर बायांना तिचं थोडंफार कळायचं. त्यांनी सांगितलं की हिचं नाव पार्वतम्मा, ही तिच्या घरच्या म्हशीला हाका मारती आणि मधूनच पाणी मागती. कुठल्या गावची, कुणाची, ते काही तिला सांगता येत नव्हतं. पोरं तिला खडे मारायची, मुकादम काठी उगारायचा. दुपारी सुकडी वाटली जाई तेव्हा ती लांब उभी राहून बघे.

सुमनबाईनं एकदा आपल्या वाट्याची थोडी सुकडी एका दगडावर ठेवली आणि स्वतः दूर जाऊन पाठ करून बसली. मागं वळून बघितलं नाही. थोड्या वेळानं दगड रिकामा झाला होता. मग रोजचंच झालं. दगड रोज थोडा थोडा जवळ येत गेला आणि एक दिवस पार्वतम्मा तिच्या शेजारीच येऊन टेकली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सुमनबाई खडी फोडायची, पार्वतम्मा बघायची. कुणी हुसकायला आलं तर सुमनबाई हातोडी खाली ठेवून त्या माणसाकडं नुसती बघत राही.

हे नानासाहेबांच्या नजरेला पडलं. नानासाहेब म्हणजे तिथल्या तेलबिया सोसायटीचे चेअरमन. निजामाच्या काळात तुरुंगात जाऊन आलेला, खादी घालणारा, कमी बोलणारा माणूस. त्यांची एक धाकटी बहीण तरुणपणी भ्रमिष्ट झाली होती. घरच्यांनी तिला गोठ्यात दावणीला बांधून ठेवलं होतं आणि ती तिथंच, गुरांच्यात, मेली होती. नानासाहेब त्या वेळी तुरुंगात होते. त्या गोष्टीबद्दल ते कधी बोलत नसत, पण तालुक्यात ती सगळ्यांना माहीत होती.

कामाची पाहणी करायला आले असता ते सुमनबाईजवळ थांबले. ही तुझी कोण, म्हणून विचारलं.

"कोन न्हाय जी."

"मग सांभाळतीस कशाला?"

"सांभाळत न्हाय. तिच्याजवळ बसते म्या, इतकंच."

नानासाहेब निघून गेले. पुढच्या आठवड्यात त्यांचा निरोप आला. सडकेच्या कडेला सोसायटीची दगडी वखार होती. दुष्काळानं माल नव्हता, वखार ओस पडली होती. तिथं त्यांना अशा बायांसाठी घर काढायचं होतं. कमिटीतल्या लोकांनी नाकं मुरडली, पण नानासाहेबांच्या शब्दापुढं कुणी गेलं नाही. त्यांनी भिंतींत खिडक्या पाडून घेतल्या, चुना मारून घेतला आणि दारावर 'निवारा' अशी पाटी लावली. लोक मात्र तिला खुळ्यांची वखारच म्हणत. सुमनबाई तिथं सेविका म्हणून लागली. गोरोबानं तिला परोपरीनं सांगितलं की खुळ्यांच्यात राहून माणूस खुळं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि पार्वतम्माचा हात धरून वखारीत राहायला गेली.

नानासाहेबांचा नियम एकच होता. या दारातून दोरी आत यायची नाही. कोण किती का बिथरेना, बांधायचं नाही. सुरुवातीला सुमनबाईला वाटलं, चेअरमनसाहेबांना म्हणायला सोपं आहे. एक बाई चावायची, एक भिंतीवर डोकं आपटायची. पण बाया थोड्या होत्या आणि सांभाळायला सुमनबाईसकट तिघी होत्या, त्यामुळं जमत गेलं. कुणी बिथरली की एकीनं तिच्यापाशी बसायचं, बाकीच्यांना दुसरीनं बाहेर न्यायचं. तास जावोत नाहीतर दिवस जावो, बसणारीनं उठायचं नाही. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातले एक डॉक्टर महिन्याला येत, एकेकीशी बोलत, गोळ्या बदलून देत.

स्वयंपाकाला पिराजी होता. तो धनगर, त्याची मेंढरं दुष्काळात गेली म्हणून या कामावर आलेला. आधी आधी तो गावकुसाबाहेरच्या सुमनबाईच्या हातचं पाणी घेत नसे. गावच्या विहिरीवरही तिची घागर बाजूला ठेवायला लावत. नानासाहेबांनी गावात दोन शब्द सांगितल्यावर तिला शेंदू द्यायला लागले, पण ती गेली की दोर धुऊन घेत.  वखारीतल्या बायांना मात्र हे काही कळत नव्हतं. कुणबी असो, वाणी असो, ज्या त्या तिच्या हातून घास घेत होत्या. एका कडक उन्हाळ्यात पाण्याच्या दोन घागरी घेऊन ती दारात आली तेव्हा पिराजीनं पुढं होऊन एक घागर उतरवली आणि तिथंच ओंजळ धरली. 

वानगीदाखल सांगायचं तर बनाबाईचं सांगावं लागेल. बाळंतपणात पोर गेलं आणि ही तरुण बाई गप्पच झाली. सासरा बैलगाडीतून आणून सोडून गेला तो पुन्हा फिरकला नाही. ती भाकरी पदरात लपवायची, तिला बुरशी येईपर्यंत जपायची. सुमनबाईनं ती कधी हिसकावली नाही. रोज ताजी पुढं ठेवायची आणि शिळी मागायची. पुढं बनाबाई पिराजीच्या चुलीपाशी जाऊन बसू लागली, ज्वारी पाखडू लागली, आणि एक दिवस तिनं परात ओढून स्वतःच भाकरी थापली. सगळ्यांनी ती वाटून खाल्ली. पार्वतम्माच्या गळ्यात मळकट फडक्यात बांधलेलं लिंग होतं. आंघोळीच्या वेळी कुणी त्याला हात लावला की ती किंचाळायची. सुमनबाईनं ते तिच्याच मुठीत देऊन मूठ घट्ट मिटवून दिली, मग ती निमूट आंघोळ करू लागली. आंघोळीनंतर सुमनबाई तिचे पाय मांडीवर घेऊन भेगांना तेल चोळायची. पार्वतम्मा तेव्हा कानडीत कसलं तरी गाणं म्हणायची.

अशी सात-आठ वर्षं गेली. सुमनबाईला पुढं कधी कुणी विचारलं की बाई, सुखाचे दिवस असे कधी आले का तुझ्या वाट्याला, तर तिच्या डोळ्यांपुढं हेच दिवस आले असते. पण तसं विचारणारं कुणी नव्हतं.

नानासाहेब छातीच्या दुखण्यानं गेले. चेअरमनकी त्यांच्या पुतण्याकडं, आबारावाकडं आली. पाऊसकाळ बरा होता, सोसायट्यांचे दिवस आले होते, करडई-भुईमुगाची पोती ठेवायला जागा पुरेना. आबारावानं वखार रिकामी करून मागितली. मागं पत्र्याचं एक लांब शेड होतं, तिथं बायांना हलवलं. शेडला खिडक्या नव्हत्या, उन्हाळ्यात पत्रा तापून अंगावर यायचा. सरकारचं अनुदान दरडोई मिळू लागलं तशा लांब लांबच्या बाया आणून भरल्या. बाया वाढल्या आणि सुमनबाईच्या जोडीच्या दोघी सेविका खर्चात काटछाट म्हणून कमी झाल्या. डॉक्टरांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. एक कंपाउंडर येऊन गोळ्यांचा डबा देऊन जाई. सगळ्यांना एकच गोळी, आणि कुणी गडबड केली तर दोन. बाया दिवसभर भिंतीला टेकून लाळ गाळत बसू लागल्या.

आबाराव काही राक्षस नव्हता. तो सुमनबाईला अहो-जाहो करायचा. तिनं तक्रार केली की मान डोलवायचा, काकांचं नाव राखायचंय म्हणायचा, आणि जीपमध्ये बसून निघून जायचा. पुढच्या महिन्यात बघू, हे त्याचं ठरलेलं उत्तर. सुमनबाईला आता कुणाजवळ बसायला वेळ नव्हता. एकीला घास भरवावा तर दुसरी घाण करून बसलेली, तिला धुवावं तर तिसरी दारात. पूर्वी जिथं ती थांबायची तिथं आता ओरडू लागली. एकदा तिनं बनाबाईच्या हातातली शिळी भाकरी हिसकावून घेतली आणि मग स्वतःच मटकन खाली बसली.

धुरपदाबाई म्हणून एक नवी आलेली बाई होती. सुमनबाई पाण्याला गेली असताना ती शेडातून निघाली, सरळ सडकेवर गेली आणि ट्रकखाली सापडली. पोलीस आले, पंचनामा झाला. दुसऱ्या दिवशी आबाराव जीपमधून साखळ्या आणि कुलपं घेऊन आला. बैलबाजारात मिळतात तसल्या साखळ्या होत्या.

सुमनबाई म्हणाली की नानासाहेबांचा नियम आहे, या दारातून दोरीसुद्धा आत येत नाही.

"मला माहीत आहे," आबाराव म्हणाला. "पण आणखी एक असं झालं तर सरकार हे बंद करील. मग या कुठं जातील, तुम्हीच सांगा. तुम्ही सांगाल तसं करतो."

 आणखी दोन बाया कामाला द्या, हे तिनं शंभरदा सांगितलं होतं. आबाराव वाट बघत उभा राहिला, मग किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात देऊन गेला.

तिनं दिवसभर त्या साखळ्यांना हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक बाई सडकेवरून धरून आणावी लागली. तेव्हा तिनं जुनं लुगडं फाडलं, त्याच्या पट्ट्या केल्या आणि एकेकीच्या घोट्याला पट्टी गुंडाळून वर साखळी घालू लागली. पार्वतम्माजवळ ती खाली बसली तेव्हा पार्वतम्मानं आपण होऊन पाय पुढं केला. तिला वाटलं, सुमनबाई तेल चोळायला आली. कुलूप लागलं तेव्हा ती पायाकडं बघत राहिली, मग सुमनबाईच्या तोंडाकडं. त्या दिवसापासून तिचं गाणं थांबलं ते थांबलंच.

पिराजी तेवढ्यावर काम सोडून निघाला. निघताना म्हणाला, "बाई, तूबी चल. हे बघवत न्हाय."

"म्या गेले तर दुसरं कुनी तरी कुलपं लावंल," सुमनबाई म्हणाली. "पट्टी बांधायची न्हाय."

ती राहिली. पट्ट्या रोज बदलायची, दिवसा एकेकीला आळीपाळीनं सोडून अंगणात फिरवायची. आपण आहोत म्हणून निदान एवढं तरी आहे, असं मनाला समजवायची. मन कधी ऐकायचं, कधी नाही.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात तिला टायफॉइड झाला. गोरोबा गाडी जुंपून आला आणि तिला बेंबळीला घेऊन गेला. बरेच दिवस ती शुद्धीत-बेशुद्धीत होती. भावजय तोंडात पेज घालायची, आणि ही अर्धवट ग्लानीत पट्ट्या बदलल्या का, म्हणून विचारायची. अंगात उभं राहण्यापुरती ताकद आली तशी ती एसटीनं परत आली.

शेडाच्या दारातच वास आला. तिच्या जागी ठेवलेला माणूस बाहेर झाडाखाली विडी ओढत बसला होता. आत सगळ्या बायांची डोकी भादरलेली होती, त्यामुळं पहिल्यांदा कोण कुठली ते तिला ओळखूच येईना. साखळ्या कुणी उघडल्याच नव्हत्या. जिथल्या तिथं जेवण, जिथल्या तिथं सगळं. पार्वतम्मा कोपऱ्यात कलंडली होती. तिचा घोटा सुजून साखळीवर आला होता आणि आत किडे पडले होते. सुमनबाईनं आधी तिचं कुलूप काढलं.

येणाऱ्या एका मालट्रकला हात करून तिनं पार्वतम्माला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर पाय बघून संतापले. हे केलं कुणी, म्हणून विचारलं.

"साखळी म्याच घातली," सुमनबाई म्हणाली.

विष अंगभर पसरलं होतं. पार्वतम्मा थोडेच दिवस जगली. शेवटी तिनं दोनदा 'नीर' म्हटलं, तेवढा शब्द सुमनबाईला कळत होता. तिनं चमच्यानं पाणी पाजलं. गेली तेव्हा नातेवाईक म्हणून कुणाला कळवायचं होतं? पिराजीला निरोप गेला, तो आला. लिंगायतांत बसवून पुरतात, एवढं दोघांना ऐकून माहीत होतं. विधीला बोलावलेला गावचा जंगम आला नाही. पिराजीनं ओढ्याकाठी खड्डा खणला, दोघांनी तिला बसती केली आणि सुमनबाईनं ते फडक्यातलं लिंग तिच्या मुठीत ठेवून मूठ मिटवली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सोसायटीची वार्षिक सभा होती. वखारीपुढच्या आवारात मांडव पडला होता, गावोगावचे सभासद आले होते, खुर्च्यांवर हार होते. ती सकाळी शेडात गेली आणि एकेक कुलूप काढत गेली. बायांना उठवलं, धुतलं, असेल ते नेसवलं. एकीचा हात दुसरीच्या हातात दिला, सगळ्यांत पुढं बनाबाई. अशी ती भादरलेल्या डोक्यांची रांग शेडाला वळसा घालून भर सभेत मांडवात आली. ज्यांना चालता येत नव्हतं त्या बसत-सरपटत आल्या. घोट्यांवरचे वळ सगळ्यांना दिसत होते.

आबारावाचं भाषण थांबलं. सुमनबाईला भाषण येत नव्हतं. ती म्हणाली, "ह्या तुमच्या सोसायटीच्या बाया हायत. बघून घ्या."

 एक म्हातारा उठला आणि त्यानं आपल्या खांद्यावरचं धोतराचं पान एका बाईच्या उघड्या पाठीवर घातलं. काहींनी माना खाली घातल्या. आबाराव खाली आला. त्यानं बायांना सावलीत बसवायला सांगितलं, चहा मागवला, सुमनबाईशी एक शब्दही वाकडा बोलला नाही.

सुमनबाईला वाटलं होतं, लोकांना लाज वाटेल, सांभाळायला दोन बाया वाढतील, डॉक्टर येईल, साखळ्या जातील. लोकांना लाज वाटली खरी. पण लाजेनं त्यांनी वेगळंच केलं. तेलबियांच्या सोसायटीला हे लचांड हवंच कशाला, असं एकानं म्हटलं आणि सगळ्यांना ते पटलं. त्याच सभेत 'निवारा' बंद करायचा ठराव झाला.

पावसाळ्याच्या तोंडाला जीप आणि टेम्पो लागले. काही बायांना मोठ्या शहरातल्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळात धाडलं, काहींना त्यांच्या गावांच्या वेशीवर उतरवलं. वाटेत कुठं कुठं कुणाला सोडलं ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. सुमनबाईला गाडीत बसू दिलं नाही. बनाबाई टेम्पोच्या फळीला धरून उभी होती, तिला वाटत होतं सगळ्या मिळून कुठंतरी जेवायला निघाल्यात.

सुमनबाई बेंबळीला परतली आणि खुरपायला जाऊ लागली. आपण कुलपं काढून सभेत गेलो नसतो, तर साखळीत का होईना, बाया एका जागी असत्या, दोन वेळ खात असत्या. हा विचार तिला खुरपताना यायचा आणि खुरपं थांबायचं. शेजारच्या बाया म्हणायच्या, पात मागं पडली बाई तुझी.

दोन वर्षांनी चैत्रात गोरोबानं येडेश्वरीच्या यात्रेत कलिंगडं विकायला नेली, तेव्हा ती मदतीला गेली होती. भिकाऱ्यांच्या रांगेत तिला बनाबाई दिसली. अंगाची काडी झालेली, एक डोळा गेलेला. सुमनबाईनं नावानं हाक मारली तर तिनं ताटली पुढं केली. ओळख लागली नाही. सुमनबाईनं तिला उचलून गाडीत कलिंगडांच्या शेजारी बसवलं. गोरोबानं गाडी हाकली, पण घरी भावजयीनं दारातच अडवलं. मग गावाच्या कडेला कुडाची एक खोप घालून दोघी तिथं राहू लागल्या.

बनाबाई पुन्हा कधी भाकरी थापायला बसली नाही. सुमनबाई कामाला जाताना तिला बरोबर न्यायची, बांधावर बसवायची. त्यापायी काही जणांनी तिला कामाला सांगायचं सोडलं. काविळीच्या साथीत बनाबाई गेली. तोवर तिनं सुमनबाईला ओळखलं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

पुढं एकदा एका संस्थेचा माणूस तिला शोधत आला. त्यांना जिल्ह्यात असंच एक घर सुरू करायचं होतं, आणि कुणीतरी तिचं नाव सांगितलं होतं. माणूस भला वाटत होता. इमारत कशी असेल, औषधं कशी मिळतील, सगळं त्यानं मनापासून सांगितलं. सुमनबाईनं खाली बघतच विचारलं, "बाया किती ठेवणार, आनि त्यांच्याजवळ बसाय किती जनी?"

त्यानं सांगितलं की ते अजून ठरायचंय, अनुदान कसं मंजूर होतं त्यावर आहे.

सुमनबाईनं त्याला चहा दिला आणि तब्येत साथ देत नाही म्हणून सांगितलं.  ते घर पुढं निघालं, असं तिच्या कानावर आलं. तिथं कशा ठेवतात, ते मात्र तिनं कुणाला विचारलं नाही. विचारावंसं तिला रोज वाटायचं.